पुलाचं काम अडवणारी टेकडी : कोल्हापुरात 'संरक्षित स्मारक' म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघालं की पंचगंगेवर दोन पूल शेजारीशेजारी दिसतात. एक दगडी, ब्रिटिशांच्या काळातला शिवाजी पूल. दुसरा त्याच्या बाजूचा नवा पूल. हा नवा पूल कित्येक वर्षं अर्धवट उभा होता. पैसे नव्हते म्हणून नाही, ठेकेदार पळाला म्हणूनही नाही. तो अडला होता शेजारच्या एका टेकडीमुळे.

या टेकडीचं नाव ब्रह्मपुरी. वरवर पाहिलं तर तिथे काहीच नाही. ना बुरूज, ना शिखर, ना कोरीव खांब. नदीकाठची उंचवट्याची जागा आणि आजूबाजूला घरं. पण १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं आणि मातीखाली सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्याच्या थोडं आधी इथेच काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला होता. त्यात पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव! समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठावर तो आला कसा, तर व्यापारातून. कोकणातल्या बंदरांवर उतरणारा रोमन माल घाट चढून इथपर्यंत येत होता, त्याचा हा पुरावा. ती मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कोल्हापूरकर त्या बागेत भेळ खायला जातात आणि मूर्ती न बघताच परत येतात, हा भाग वेगळा.

तर ही टेकडी केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे, आणि पुलाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. जे स्मारक 'राष्ट्रीय महत्त्वाचं' म्हणून जाहीर होतं, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली जातं. १९९२ मध्ये अधिसूचना निघाली की अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित भाग. २०१० च्या दुरुस्तीने ही गोष्ट थेट कायद्यात आली आणि नियम कडक झाला. पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, म्हणजे नाहीच. जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी हवी. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर होते ते स्मारकाला चिकटून बंगले आणि हॉटेलं उठवणारे लोक. पण कायद्याच्या भाषेत पूल हेही बांधकामच. सरकारी काम म्हणून वेगळी सूट नाही. त्यामुळे ब्रह्मपुरीजवळचं नव्या पुलाचं काम थांबलं आणि जुन्या पुलावरची वाहतूक तशीच चालू राहिली.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या एका कुटुंबाची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जणांचा जीव गेला. अपघात जुन्या पुलावर झाला होता आणि त्याची कारणं वेगळी असू शकतात, पण शेजारी अर्धवट उभा असलेला पूल सगळ्यांना दिसत होता. कोल्हापुरात संताप उसळला.

योगायोग असा की त्याच महिन्यात, २ जानेवारीला, लोकसभेने या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं होतं. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना १०० मीटरच्या आत परवानगी द्यावी, असा त्याचा गाभा. राज्यसभेत मात्र त्याला विरोध झाला आणि ते प्रवर समितीकडे गेलं. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता. आज पुलासाठी फट ठेवली तर उद्या त्याच फटीतून सहापदरी रस्ता जाईल, हे त्यांचं म्हणणं. कोल्हापूरचा नवा पूल अखेर २०१९ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

ब्रह्मपुरीच्या शेजारी माणसं राहतात. पन्हाळ्यावर तर माणसं स्मारकाच्या आतच राहतात.

पन्हाळा हा किल्ला आहे, तालुक्याचं ठिकाण आहे, थंड हवेचं ठिकाण आहे आणि नगरपरिषदही आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा गड. पुढे आदिलशाहीत आला, तीन दरवाजा त्या काळात, १५३४ च्या सुमाराला बांधला गेला. अंबरखान्यातली धान्याची प्रचंड कोठारं आजही उभी आहेत. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले, ती रात्र आणि बाजीप्रभूंची खिंड महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. पुढे ताराराणींनी इथून राज्य चालवलं आणि १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. आज गडावर गाडी ज्या वाटेने चढते, तिथेच तो होता.

राजधानी गेली, वस्ती राहिली. आज गडावर सुमारे तीन हजार लोक राहतात. त्यांच्यासाठी तटबंदी म्हणजे घरामागची भिंत. मुलाचं लग्न ठरलं म्हणून वर एक खोली काढायची, शौचालय बदलायचं, गळकं कौल काढून स्लॅब टाकायचा, प्रत्येक वेळी परवानगीचा प्रश्न येतो. म्हणूनच ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'भारताची मराठा लष्करी स्थळं' जागतिक वारसा यादीत घेतली आणि त्यातल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आला, तेव्हा राज्यभर फटाके वाजत असले तरी गडावरचा आनंद निर्भेळ नव्हता. त्याआधीच्या काही महिन्यांत घरं उठवली जातील या धास्तीने पन्हाळकरांनी विरोध नोंदवला होता आणि कोणालाही हलवणार नाही असं प्रशासनाला सांगावं लागलं होतं. खरं तर युनेस्कोच्या यादीत आल्याने भारतात नवा कायदा लागू होत नाही. पन्हाळ्याला बांधणारा कायदा आधीचाच, १९५८ चा. पण यादीतलं नाव टिकवायचं तर तो कायदा काटेकोर पाळावा लागतो, आणि लोकांना धाकधूक वाटते ती तिथेच.

(जाता जाता : कोल्हापूर जिल्ह्याचं युनेस्कोशी नातं त्याआधीपासूनचं आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट यादीत आला तेव्हा राधानगरी अभयारण्य त्यात होतं. तिथला वारसा गव्यांचा आहे, त्यामुळे त्याची मिरवणूक निघाली नाही.)

केंद्राच्याच यादीतलं तिसरं नाव खिद्रापूरचं. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला खेटून असलेलं कोपेश्वराचं मंदिर. शिलाहार काळात उभं राहिलेल्या या मंदिरावर यादव राजा सिंघण याचाही शिलालेख आहे. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताला मधोमध मोठं गोल मोकळं अवकाश ठेवलं आहे. खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा. मंदिरासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं गावकरी सांगतात.

खिद्रापूरला धोका बिल्डरचा नाही, पाण्याचा आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोळ तालुका पाण्याखाली होता आणि खिद्रापूरला कृष्णेने वेढा दिला. १०० मीटरची रेघ नदी पाळत नाही. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, हे दोन राज्यांचे जलसंपदा विभाग ठरवतात. त्या निर्णयात पुरातत्त्व खात्याचा शब्द कुठेच नसतो.

आता दुसरी यादी. केंद्राने न घेतलेली स्मारकं राज्य सरकार १९६० च्या स्वतःच्या कायद्याखाली संरक्षित करतं. ती पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय संचालनालयाकडे असतात. केंद्राच्या कायद्यातली १०० आणि २०० मीटरची तरतूद त्यांना लागू नसते. शाहू महाराजांचं कसबा बावड्यातलं जन्मस्थळ, लक्ष्मी विलास पॅलेस, हे या यादीतलं. विशाळगडही याच यादीतला.

पन्हाळ्यावरून निघालेली ती रात्रीची वाट जिथे संपली, तो हा गड. तिथे दर्गा आहे, मंदिरं आहेत, पिढ्यान् पिढ्यांची वस्ती आहे आणि नंतर वाढलेली बांधकामंही आहेत. यातलं अतिक्रमण कोणतं हा कागदपत्रांनी सोडवायचा प्रश्न वर्षानुवर्षं पडून राहिला. मग १४ जुलै २०२४ ला अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या दिवशी पायथ्याशी असलेल्या गजापुरात जमावाने मुस्लिम वस्तीतल्या घरांची आणि मशिदीची तोडफोड केली. ज्यांची घरं फुटली ते गडावर राहतही नव्हते. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने गडावरची बांधकामं पाडायला घेतली, आणि भर पावसात ही घाई कशासाठी, असं विचारत उच्च न्यायालयाने ती थांबवली. स्मारकाचा कायदा वेळेवर न वापरल्याची किंमत स्मारकापेक्षा माणसांनी जास्त मोजली.

तिसरी यादी महापालिकेची, म्हणजे शहरातल्या हेरिटेज वास्तूंची. इथे श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळपास कशालाच हात लावता येत नाही, तिसरीत रूप सांभाळून बरेच बदल करता येतात. पण ही यादी मालकी काढून घेत नाही आणि विक्रीही थांबवत नाही. जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं आणि कलावंत रस्त्यावर उतरले, तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळलं. यादी आगही विझवत नाही. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. पाठीमागच्या खासबाग मैदानाचा मंचही त्यात गेला.

आणि काही गोष्टी तर कोणत्याच यादीत मावत नाहीत. अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत चढतात. बांधणाऱ्यांनी दिशा इतकी नेमकी धरली होती. पण ही किरणं मंदिरात शिरण्याआधी अख्ख्या महाद्वार रोडवरून येतात, आणि वाटेतल्या इमारतींचे मजले, टाक्या, फलक त्यांना अडवतात. दरवर्षी त्या तारखांच्या आधी अभ्यासक यंत्रं घेऊन मोजमाप करतात, अडथळ्यांची यादी महापालिकेकडे जाते, काही हटतात, काही राहतात. मग लोक गाभाऱ्यासमोर उभे राहतात आणि किरणं कंबरेच्या वर चढतात का, ते बघतात.