भिंतीआडचे पाणी

न्हाणीघराच्या भिंतीत गाडलेला नळ पाझरू लागला, म्हणजे गृहस्थाच्या दृष्टीस प्रथम पडते ती गळती नव्हे, तर तिचे उपद्रव: शेजारच्या खोलीच्या भिंतीवर चढत जाणारी ओल, फुगून सुटणारे पोपडे, कपाटातील कपड्यांना येणारा कुबट वास, आणि पुष्कळदा या सर्वांच्याही आधी, खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंची तक्रार. पाणी जेथे फुटते तेथेच ते प्रकट होईल असा नियम नाही. विटांच्या सांध्यांतून वाट काढीत ते भलत्याच ठिकाणी उमटते. म्हणूनच या दुरुस्तीच्या खर्चाचे प्रमाण विलक्षण असते. हातभर नळ आणि दोन सांधे यांचे मोल किरकोळ. पैसा जातो तो दोष हुडकण्यात आणि त्यापायी फोडलेल्या फरश्या पुन्हा बसविण्यात. हे प्रमाण असे उलटे का झाले, याचा शोध घेऊ लागल्यास पुण्याच्या पेशवाईपर्यंत मागे जावे लागते.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत आणविले, तेव्हा तो जलमार्ग भूमिगतच होता; परंतु भूमिगत असणे आणि अगम्य असणे या दोन गोष्टींतला भेद त्या कारागिरांना पुरता ठाऊक होता. दगड, वीट आणि चुना यांनी बांधलेला तो मार्ग कित्येक ठिकाणी माणूस आत शिरून चालू शकेल एवढा ऐसपैस ठेवलेला होता, आणि वाटेत ठिकठिकाणी जमिनीच्या वर डोकावणारे उच्छ्वास उभारलेले होते. कोंडलेली हवा बाहेर जावी, पाण्याचा दाब आवरला जावा, गाळ काढता यावा, ही त्यांची प्रयोजने सांगितली जातात. मला त्यांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. एका उच्छ्वासात पाणी यथास्थित आणि पुढच्यात उणे, तर दोष त्या दोहोंच्या दरम्यान आहे, इतका निर्णय कुदळीचा एक घावही न घालता करता येत असे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जी नहर खेळविली तिच्यातही वर उघडणारी अशीच मुखे होती. शिवाय घाणीत बैल फिरवून मळलेल्या चुन्याचा एक गुण असा, की बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तीत पुन्हा साखळून ती बुजवितो. सिमेंटाच्या गिलाव्याचे कौतुक करताना हा गुण आपण फारसा ध्यानात घेत नाही.

मुंबईची कथा निराळी. तळी आणि विहिरी यांवर भागवणाऱ्या त्या शहराला १८५४ साली पाण्याचे दुर्भिक्ष जाणवले, आणि १८६० साली विहार तलावाचे पाणी बिडाच्या नळांतून शहरात आले. पुढे १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा यांची त्यात भर पडली. बिडाच्या एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून, मध्ये दोर ठासून, त्यावर वितळलेले शिसे ओतावयाचे आणि ते छिन्नीने ठोकून घट्ट करावयाचे, अशी सांधा करण्याची तत्कालीन रीत होती. तोटीत चामड्याचे वायसर असे, आणि त्या चामड्यापायी सोवळ्यातली माणसे नळाचे पाणी वर्ज्य मानून विहिरीचीच वाट धरीत. धर्मशास्त्राचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या वायसरावर संशय घेण्यात ती मंडळी अगदीच चुकत नव्हती. झिजून गळती सुरू होण्याचे ते पहिले ठिकाण होते.

पुरलेल्या दाबाच्या नळातून पाणी कोठे वाया जाते हे न खणता कसे ओळखावे, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर लिव्हरपूल शहराने दिले. तेथील अभियंता जॉर्ज डीकन याने १८७३ साली एक मापकयंत्र सिद्ध केले. ते नळातील प्रवाह कागदावर रेघेने टिपून ठेवी. मध्यरात्री, जेव्हा कोणी पाणी वापरीत नाही, तेव्हाही रेघ खाली येत नसेल तर तेवढे पाणी गळते आहे हे उघड. मग निरीक्षकाने रस्तोरस्ती हिंडून घरोघरीच्या जोडांची चावी एकामागून एक बंद करावी, चावीचा लोखंडी दांडा कानाशी लावून आत पाणी वाहते की काय ते ऐकावे, आणि ज्या चावीसरशी रेघ खाली येईल तेथे दोष मुक्रर करावा. विभागणे, थांबविणे आणि ऐकणे, एवढ्याच या विद्येच्या तीन क्रिया आहेत, आणि आजचा कुशल प्लंबर न्हाणीघरात करतो तेही याहून फार वेगळे नाही.

मुंबईच्या चाळींत या विद्येची गरजच क्वचित पडे. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, सामाईक नळ सज्जाच्या टोकाला, आणि नळाची सारी वाट भिंतीच्या अंगावरून उघडी गेलेली. सांधा ठिबकला तर चार बिऱ्हाडांना एकदम दिसे. पुढे १९३० नंतर हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह अशा वस्त्यांतून स्वतंत्र न्हाणी असलेले ब्लॉक उठू लागले, आणि जसजशी गुळगुळीत फरश्यांची हौस वाढत गेली तसतसा उघडा नळ दरिद्री दिसू लागून भिंतीत गेला. नळ असे तो जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. या मुलाम्याची मेख अशी, की सांधा जोडण्यासाठी नळाच्या टोकाला आटे पाडले म्हणजे नेमके तेथलेच जस्त खरवडले जाते आणि उघडे लोखंड उरते. सुताचे वेढे आणि सफेदा यांनी तो सांधा काही वर्षे निभावतो, नंतर आट्यांतच गंज धरतो. आणि शॉवरच्या मागचा एल्बो, ज्याला हात लागण्याची काही सोय नाही, तो बहुधा प्रथम दगा देतो.

दुरुस्ती कोणी करावी, हा वाद याच काळात पेटला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले. घर राहण्याजोगे ठेवण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने मालकावर ठेवले. आणि मालकाने कुचराई केल्यास, १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः काम करवून खर्च ठराविक मर्यादेपर्यंत भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही तजवीज केली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गवंड्याचा रोज निघत नव्हता, आणि वळते करून घ्यावयाचे भाडे मुळातच एवढे अल्प, की त्यातून भिंतभर फरश्या बदलणे अशक्य. भाडेकरूंचे हित साधण्यासाठी केलेल्या या कायद्याने त्यांच्या डोक्यावरचे छत वाचविले आणि त्यांच्या भिंती कुजू दिल्या, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून मंडळ स्थापावे लागले, यातच सारे आले.

अशा अडचणीत गरिबांनी आणि त्यांच्या प्लंबरांनी जी काटकसरीची रीत रूढ केली, ती ग्रंथांत सहसा आढळत नाही. पण ती अत्यंत समंजस आहे. प्रथम निर्णय करावयाचा तो गळणारे पाणी येणारे की जाणारे, याचा. एक-दोन दिवस त्या न्हाणीत स्नान बंद ठेवावे. ओल तशीच राहिली आणि सर्व तोट्या बंद असतानाही मीटरचा काटा सरकत राहिला, तर दोष दाबाच्या नळाचा. ओल हटू लागली, तर दोष न्हाणी ट्रॅपचा अथवा फरश्यांच्या झिजलेल्या दर्जांचा, आणि तेथे थोड्या पांढऱ्या सिमेंटाने दर्जा भरून काम भागण्याचा संभव मोठा. नळच फुटला असेल तर फरशीला हात न लावता भिंतीच्या पाठीमागून, म्हणजे पलीकडच्या खोलीच्या साध्या गिलाव्यातून, छिन्नीने वीतभर खिडकी पाडावी. गिलाव्याचे मोल फरशीच्या तुलनेत नगण्य, आणि पुढे तेथे कपाट उभे केले म्हणजे डागही झाकतो. सांधा बदलल्यावर खिडकी लगेच लिंपू नये. नळ दाबाखाली ठेवून रात्रभर वाट पाहावी. आणि एकाच नळाला दुसऱ्यांदा गंजाने छिद्र पडले, तर तो भिंतीतच मृत समजून दोन्ही टोकांना बुचे मारावी आणि नवा नळ चाळीतल्यासारखा भिंतीवरून उघडा न्यावा. तो शोभत नाही खरा, परंतु पुढली गळती जेथे होईल तेथेच दिसेल.

ज्यांना नवे न्हाणीघर बांधावयाचे आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की फरश्या लागण्यापूर्वी नळांच्या वाटेचा मापांसह नकाशा काढून घ्यावा आणि घराच्या खरेदीखताबरोबर तो दप्तरी ठेवावा, आणि शॉवरच्या पाठीमागच्या भिंतीत स्क्रूने उघडता येईल असे एक लहानसे झाकण, गवंड्याने कितीही नाक मुरडले तरी, बसवून घ्यावे.