रूळ कुणाचे, माल कुणाचा

यवतमाळच्या कापसाला मुंबईचं बंदर गाठायचं तर वाटेत एकदा उतरावंच लागे. दारव्हा, कारंजा करत येणारी गाडी अडीच फुटी रुळांवरची; मुर्तिजापूरहून पुढे मुंबईकडे जाणारे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचे रूळ साडेपाच फुटी. मुर्तिजापूरला पावणेदोनशे किलोच्या आसपासची एकेक गाठ लहान डब्यातून काढून मोठ्या डब्यात रचावी लागे. दोन वाटा जिथे मिळतात तिथेच खर्च वाढतो, खोळंबा होतो. इंटरनेटच्या वाहतुकीलाही हे तंतोतंत लागू आहे.

ही अरुंद वाट सरकारने बांधलेली नव्हती. मुंबईच्या किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. यवतमाळ ते मुर्तिजापूर आणि तिथून अचलपूर असा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग तिच्या मालकीचा. गाड्या मात्र करारानुसार जीआयपी चालवी. त्याआधी यवतमाळच्या कापसाच्या बंड्या धामणगाव स्टेशनाची वाट धरत. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

कंपनीचे रूळ म्हणजे कंपनीची सत्ता. त्या काळात सरकार मालभाड्याचे कमाल आणि किमान दर ठरवून देई. मधल्या पट्ट्यात कंपनीला मोकळं रान. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला सवलतीचा दर आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला चढा दर, ही भारतीय उद्योजकांची जुनी तक्रार होती. दुसरी युक्ती ‘ब्लॉक रेट’ची. माल थोडं अंतर जाऊन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर वळणार असेल, तर त्या थोड्या अंतरालाच इतका दर लावायचा की व्यापाऱ्याने आपल्याच लांबच्या मार्गाने माल पाठवावा. वाहणाऱ्याने मालाचं नशीब ठरवायचं, हाच त्याचा अर्थ.

या मनमानीला कायद्याने लगाम घातला होता, तोही शकुंतलेचे रूळ पडण्याआधीच. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमाने कोणत्याही व्यक्तीला किंवा कोणत्याही प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकतं माप द्यायला मनाई केली. ब्रिटनमध्ये हेच तत्त्व १८५४ च्या कायद्यात आलं होतं. अमेरिकेने १८६० मध्ये तारयंत्राच्या कायद्यात लिहिलं की, संदेश आले त्याच क्रमाने, भेदभाव न करता पुढे जावेत. टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ मध्ये ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर कुठल्याही मजकुराशी भेदभाव नको, हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यामागे वाहतुकीच्या कायद्याची दीडशे वर्षांची पुण्याई उभी होती.

भारतात ही लढाई पेटली ती २०१५ मध्ये. फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणलं, पुढे त्याचंच ‘फ्री बेसिक्स’ झालं. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. निवडक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. आणि आत कुणाला घ्यायचं याच्या अटी फेसबुकच्या. एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ ही योजना जाहीर केली. तिच्यात ग्राहकाच्या डेटाचे पैसे अ‍ॅपवाली कंपनी भरणार होती. लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल पाठवले. डिसेंबरमध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: हवामान आणि बाजारभाव त्याला फुकट मिळतात, यात वाईट काय?

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर वऱ्हाडाच्या इतिहासात आहे. भाव कळणं गरजेचंच. पण कुणाचा भाव कळावा हे वाट अडवून बसलेल्याने ठरवलं, तर उद्या पांढरकवड्याच्या एखाद्या पोराने कापसाच्या भावाची स्वतःची साइट काढली, तरी शेतकरी तिच्यापर्यंत पोचणार कसा? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली आणि मोडणाऱ्याला रोज ५० हजार रुपये दंड ठेवला. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने वेग कमी करणं, अडवणं, झुकतं माप देणं यांवरच्या बंदीलाही मान्यता दिली.

वाद तिथे मिटला नाही. व्हिडिओची प्रचंड वाहतूक आमच्या तारांवरून जाते, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी वाटखर्च द्यावा, अशी मागणी मोबाइल कंपन्यांची सीओएआय ही संघटना करत आली आहे. पण व्हिडिओ आपण होऊन येत नाही, ग्राहक तो मागवतो आणि त्याच्या डेटाचे पैसे त्याने आधीच भरलेले असतात. एकाच गाठीचं भाडं दोन्ही टोकांना वसूल करण्याचा हा प्रकार. दक्षिण कोरियात अशी आकारणी रुजली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विच ही व्हिडिओ कंपनी तिथून बाहेर पडली. तिथला नेटवर्कचा खर्च इतर देशांच्या दसपट असल्याचं तिने सांगितलं.

मोबाइल कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. समानतेच्या कायद्याने रूळ पडत नाहीत. स्वातंत्र्यानंतरही शकुंतलेचे रूळ खासगी कंपनीकडेच राहिले, गाडी भारतीय रेल्वे चालवत राहिली, आणि त्या वाटेवर पैसा घालणं हे कुणाचंच काम उरलं नाही. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. आज गाडी बंद आहे.

दूरसंचारात मात्र यावर तोडगा आधीच काढलेला आहे. २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के एका निधीत जमा होतात, हेतू हा की जिथे धंदा परवडत नाही तिथेही सेवा पोचावी. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेला, म्हणजे आजच्या भारतनेटला, पैसा त्यातूनच मिळाला. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी आहे. यवतमाळकडच्या झरी-जामणी, मारेगावच्या खेड्यांत वाट न्यायची तर खर्च याच निधीतून व्हावा, आणि ग्रामसभेत प्रत्येकाने विचारावं की आपल्या पंचायतीपर्यंत आलेली फायबर चालू आहे का.