पितळी हंडा आणि समुद्रातली बोट

भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात. 'भाणा' म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावाचे नाव पडले असेही सांगितले जाते. समुद्र इथून शेकडो कोस दूर. तरीही बोटीच्या इंजिनाचा खरा धडा मला मिळाला तो माझ्या घरच्या भट्टीवर.

वडील तांबटकाम करीत. मी फिटर झालो आणि तरुणपणी कोकणात, मासेमारी बोटींच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप मी एका बोटीवर बसवला. पंप कांस्याचा, चांगला भारी होता. बोल्ट मात्र हाताशी होते ते साधे लोखंडी लावले. पंप मजबूत आहे, मग बोल्टाचे काय एवढे, असे वाटले. हंगाम संपता संपता ते बोल्ट खंगून तुटले, इंजिन तापून बंद पडले आणि चार माणसांची बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली. माणसे सुखरूप आली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुटीत घरी आल्यावर वडिलांना सांगितले. ते हंड्याला ठिगळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पितळेले लोखंडाचं रिबीट मारू नोको, एवढंही तुले ठाऊक नाई?"

हाच धडा इंग्रजांच्या आरमाराला फार महागात पडला होता. १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या लाकडी तळाला किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी तपासले, तर लोखंडी खिळे कुजून गेलेले. मात्र जिथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा जाड कागद राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत! खारट पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. पण बॅटरीचा शोध व्होल्टाने लावला तो १८०० साली. म्हणजे अनुभव आधी आला, शास्त्र मागून. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने सुचवले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा. तो झिजेल, तांबे वाचेल. आज बोटीच्या तळाला आणि इंजिनात जस्ताचे ठोकळे बसवतात, ते याच तत्त्वावर.

आपले घरगुती पितळही समुद्रात टिकत नाही. त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. वरून भाग धड दिसतो, पण बोटाने दाबला की चुरा होतो. शंभरात एक भाग कथील मिसळले, की ही झीज बरीच कमी होते. पंख्यांसाठी 'मँगनीज ब्रॉन्झ' वापरतात. नाव ब्रॉन्झ, पण मुळात ते लोखंड आणि मँगनीज घातलेले कणखर पितळच. पितळ आणि मँगनीज! एक आमच्या भट्ट्यांतले, दुसरे आमच्याच तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले. पितळाचा हा समुद्री भाऊबंद मी कोकणात पाहिला, तेव्हा ओळखीचे माणूस परगावी भेटावे तसे वाटले.

वेगवान बोटीत सारे आणखी कठोर होते. इंजिन तासन्‌तास जोराने फिरते, लाटांचे हिसके बसतात. तिथे क्रँकशाफ्ट घडीव मिश्र पोलादाचा हवा, बोल्ट ठरलेल्या ताणानेच आवळलेले हवेत आणि वेगळ्या जातीचे धातू शेजारी आले, तर मध्ये रबर किंवा प्लास्टिकची चकती हवी. नुसते महाग भाग घेऊन भागत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसतो, हे पाहावे लागते.

स्टीलची भांडी आली आणि घरची भट्टी थंडावली. वडिलांचा तो हंडा माझ्याकडे आहे. ठिगळाला चार रिबिटे आहेत, चारही पितळेची. त्यात अजून पाणी भरतो आम्ही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)