दूध, लाकूड आणि बेकारभत्ता



मागच्या वेळी आपण इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब-कायद्यापाशी थांबलो होतो. मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यांत हलक्या मजुराहूनही वाईट ठेवायची, म्हणजे गरज नसलेला माणूस दाराशी येणार नाही, असं त्या कायद्याचं गणित होतं. आज शंभर वर्षं पुढे येऊ या, आणि देशही बदलू या.

व्हिएन्नाच्या आग्नेयेला मारियनथाल नावाची कामगारवस्ती आहे. अख्खी वस्ती एका कापडगिरणीवर जगत होती. १९२९-३० च्या सुमाराला गिरणी बंद पडली. नुसती बंद पडली नाही, तर पाडायलाही घेतली. लोकांना आपल्या खिडकीतून दगडविटांचे ढीग दिसत. १९३१ च्या हिवाळ्यात तरुण संशोधकांची एक तुकडी तिथं गेली. तिच्यातली तीन नावं लक्षात ठेवा : पॉल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि मारी याहोडा. याहोडा तेव्हा पंचविशीचीही नव्हती. ४७८ कुटुंबांचा अभ्यास झाला आणि १९३३ साली पुस्तक निघालं. समाजशास्त्राचे विद्यार्थी ते आजही वाचतात. वाचनालयाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते : वेळ भरपूर, पुस्तकं फुकट, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. आम्हांला मात्र त्या पुस्तकातल्या दोन बारीक नोंदींनी जास्त छळलं.

एका कामगारानं झाडं तोडायला मदत केली आणि बदल्यात थोडं सरपण घेतलं. त्याचा भत्ता बंद झाला. एका बाईनं घरोघर दूध पोचवलं, पोरांसाठी थोडं दूध मिळालं. तिचाही भत्ता बंद.

का? तर कायद्याच्या दृष्टीनं बेकार म्हणजे ज्याला काम नाही तो. काम किती, केवढ्याचं, हा प्रश्नच नव्हता. एक तांब्या दूध आणि महिन्याचा पगार एकाच रकान्यात. आणि गंमत बघा, त्याच वस्तीत लोक आपापल्या वाफ्यात बटाटे लावत होते, ससे पाळत होते. त्याला कुणाची हरकत नव्हती. स्वतःसाठी राबलात तर बेकार. दुसऱ्यासाठी हात हलवलात आणि त्यानं ओंजळभर काही दिलं, तर कामावर!

हे सरकारला कळायचं कसं? शेजारी कळवायचे. निनावी चिठ्ठ्या जायच्या : अमका चोरून काम करतो. गिरणी बंद झाल्यावर या चिठ्ठ्या वाढल्या, आणि त्यातल्या पुष्कळशा चौकशीत खोट्या निघाल्या. बेकारीनं माणसं भांडखोर झाली, असं कुणी म्हणेल. आम्हांला वाटतं, नियमानंच त्यांच्या हाती हे हत्यार दिलं. ज्या ओळखीवर अडीअडचणीला हाक मारायची, तिच्याच आधारावर शेजाऱ्याचं पानही पुसता येत होतं.

नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही हा दुधाचा प्रश्न मुद्दाम घालत असू. शहरातली मुलं चटकन म्हणायची, "सर, दूध म्हणजे मजुरीच." खेड्यातली मुलं गप्प बसायची, मग एखादा म्हणायचा, "सर, पण मग सावड काय?" बरोबर बोलायचा तो. सावडीत मी आज तुमच्या रानात, तुम्ही उद्या माझ्या रानात. इर्जिकीत गाव आपले बैल घेऊन येतं, नांगरट करतं, आणि ज्याचं रान तो जेवू घालतो. आता ते जेवण मजुरी का? कुणी तसं म्हटलं तर यजमान रागावेल. पण जेवण दिलंच नाही, तरीही गाव रागावेल. मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानानं १९२५ मध्ये देणगीवर जो निबंध लिहिला, तो नेमका या अवघड जागेवर आहे : देणं ऐच्छिक दिसतं, पण परतफेड चुकत नाही. त्याच निबंधाच्या शेवटाकडे तो कामगार विम्याकडे वळतो. कामगारानं समाजाला आपलं आयुष्य दिलं, नुसत्या पगारानं ते फिटत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे मॉसच्या लेखी भत्ता हीसुद्धा एक परतफेडच.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. विम्याचा पैसा कामावर असलेल्यांच्या पगारातून येतो. बेकारांना फुकट राबवून घेता येतं असं दिसलं, की मालक पगारी माणूस कशाला ठेवील? ही भीती खोटी नाही, आणि ती बोलून दाखवणारे पुष्कळदा कामगारच असत. आमचा आक्षेप देखरेखीवर नाही, मापावर आहे. दुधाएवढं दूध भत्त्यातून वजा केलं असतं, तरी त्या बाईला अन्याय वाटला नसता.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. ब्रिटनमधल्या २०१३ च्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमांत एक कलम आहे. पैसे द्यायची ऐपत असलेल्या माणसाचं काम तुम्ही फुकट केलंत, तर त्या कामाची वाजवी मजुरी तुम्हांला मिळालीच असं धरता येतं. धर्मादाय किंवा स्वयंसेवी संस्थेसाठी फुकट राबणं वाजवी वाटलं, तर मात्र सूट. संस्थेचं लेटरहेड असलं की सेवा. मित्राचं दुकान दोन दिवस सांभाळलं की संशय. नियम करणाऱ्यांच्या अडचणी आम्हांला कळतात. पण मैत्रीला लेटरहेड कुठून आणायचं?

आता याहोडाकडे परत जाऊ. १९३६ मध्ये तिला व्हिएन्नात अटक झाली; पुढच्या वर्षी देश सोडायच्या अटीवर सुटली आणि इंग्लंडला आली. तिथं वेल्सच्या मॉनमथशर भागात, खाणी बंद पडलेल्या एका खोऱ्यात, क्वेकर मंडळींनी एक प्रयोग चालवला होता. बेकारांनी एकत्र येऊन भाजीपाला, पाव, कपडे, बूट तयार करायचे. मजुरी शून्य. भत्ता मात्र चालू, आणि त्या भत्त्यातून हा माल आपण उत्पादनखर्चात विकत घ्यायचा. बाहेर विक्री नाही. मारियनथालमध्ये ज्यानं भत्ता गेला, ते इथं परवानगीनं! याहोडा खाणकामगारांच्या घरांत राहिली आणि तिनं हा प्रयोग आतून पाहिला. वयस्कर माणसं आली, त्यांना दिवस भरल्यासारखा वाटला. तरुण फारसे फिरकले नाहीत. कामगार संघटनांना शंका होतीच. मजुरीविना काम हे त्यांना काम वाटेना.

तिनं अहवाल लिहिला. प्रयोगाच्या पुरस्कर्त्याला, लॉर्ड फॉरेस्टरला, तो वाचून फार वाईट वाटलं. याच सुमाराला हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला होता, आणि तिच्या घरच्यांना तिथून बाहेर काढायला फॉरेस्टर मंडळींनी खटपट केली होती. याहोडानं अहवाल कपाटात ठेवला. तो छापून आला १९८७ साली, ती ऐंशीची असताना.