आगवाला, इंजिनीयर आणि सनद

गेल्या वर्षी बारावी झालेला एक विद्यार्थी घरी आला. म्हणाला, "सर, बोटीवर जायचंय. एकजण म्हणतो, पैसे भरा, परीक्षेची झंझट नको, इंजिनीयरचं सर्टिफिकेट हातात देतो." अब्बांनी जमीन गहाण ठेवायची तयारी केली होती. आमच्या कोकणात 'बोटीवर जाणे' ही नुसती नोकरी नसते. घर बांधणे, बहिणींची लग्ने, कर्ज फेडणे, सारे त्या दोन शब्दांत येते. म्हणून त्याला रागावलो नाही. जे सर्टिफिकेट तो विकत घ्यायला निघाला होता, ते कुठून आले हे मात्र सांगितले. तेच इथे लिहितो.

शिडाच्या जहाजाला वारा आणि तांडेल पुरे होता. वाफेचे इंजिन आले तसा जहाजावर एक नवा माणूस आला. सुरुवातीच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी घालत. मिठाचे थर साचत, पत्रा तापून कमकुवत होई आणि थोड्या चुकीने बॉयलर फुटे. ब्रिटनने कप्तान आणि मेट यांची परीक्षा १८५० च्या कायद्याने सक्तीची केली. इंजिनीयरची पाळी १८६२ मध्ये आली. परदेशी जाणाऱ्या १०० नाममात्र अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या आगबोटीवर दोन सनदी इंजिनीयर हवेत, पहिला प्रथम वर्गाचा आणि दुसरा निदान द्वितीय वर्गाचा, असा नियम झाला. जे आधीपासून काम करत होते त्यांना सेवेची सनद मिळाली. नव्यांना मात्र परीक्षा देऊन पात्रतेची सनद घ्यावी लागे.

परीक्षेला बसायला कारखान्यात इंजिने बनवण्या-दुरुस्त करण्याचा अनुभव आणि समुद्रावरची नोकरी लागे. बॉयलर, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याचा खारेपणा यांवर प्रश्न असत. अंकगणित यावे आणि अक्षर वाचता येण्याजोगे असावे, अशीही अट होती. शिक्षक म्हणून मला हा नियम आवडतो. तू कोणाचा मुलगा, असे तो विचारत नाही. तुला काय येते, एवढेच विचारतो.

पण परीक्षेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो, हेही नियमच ठरवतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक, सलूनमध्ये गोव्याचे आणि खाली भट्टीपुढे बहुधा पंजाब व वायव्येकडचे मुसलमान आगवाले असत. सारंग, टिंडल, तेलवाला, आगवाला, कोळसेवाला अशी त्यांची उतरंड होती. वीस वर्षे इंजिनाशेजारी काढलेल्या तेलवाल्याला आवाजावरून कळे की कुठले बेअरिंग तापले आहे. पण त्याने कारखान्यात उमेदवारी केलेली नसे आणि परीक्षा इंग्रजीत. हिंदी माणसाला सनद देऊ नका, असे नियमात लिहिण्याची गरजच पडली नाही. सारंगाच्या वरची पायरी गोऱ्यांचीच राहिली.

कुवत नव्हती म्हणावे, तर तेही खरे नाही. परीक्षेचा कायदा होण्याच्या वीस वर्षे आधी, १८४१ मध्ये, आर्देशीर कर्सेटजी वाडिया हे पारशी गृहस्थ मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनीयर झाले. त्यांच्या हाताखाली युरोपियन कामगार होते. त्याच वर्षी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. जहाजबांधणीचे घराणे, कारखाना आणि इंग्रजी शिक्षण, तिन्ही त्यांच्या वाट्याला आले होते. आगवाल्याच्या वाट्याला फावडे आले.

दार उघडले ते सावकाश. १९१७ च्या अंतर्गत आगबोटींच्या कायद्यात इंजिनीयरबरोबरच प्रथम व द्वितीय वर्गाचे इंजिन-ड्रायव्हर आणि सारंग यांनाही सनदा ठेवल्या गेल्या. १९२७ मध्ये मुंबईत माझगावजवळ 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभे राहिले. १९४९ पासून मुंबई आणि कलकत्त्याला मरीन इंजिनीयरिंगचे सरकारी प्रशिक्षण सुरू झाले. म्हणजे परीक्षेच्या आधीची पायरी, शिकण्याची जागा, आपल्या मुलांना मिळायला १८६२ पासून जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

आज नियम जगभर एकसारखे आहेत. १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार, १९९५ आणि २०१० मध्ये त्यात झालेल्या मोठ्या सुधारणा, आणि त्यांवर आधारलेले आपले नियम. आपल्याकडे वर्ग ४, वर्ग २ आणि वर्ग १ अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला समुद्रावरची ठरलेली नोकरी, लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा. तोंडीत पाठांतर फार वेळ टिकत नाही. भर समुद्रात वीज गेली तर आधी काय कराल, मग काय, ते चालले नाही तर काय, असे एकातून एक प्रश्न निघत जातात. मिळालेले प्रमाणपत्रही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, "बाळा, त्या तेलवाल्याकडे हुनर होते, सनद नव्हती. तू सनद घेतोयस, हुनर नाही. भट्टीत आग लागली तर कागद दाखवून ती विझेल का?"

मग दोघांनी बसून यादी केली. संस्था डीजी शिपिंगने मान्य केलेली आहे का? नोकरी लावणाऱ्या एजंटकडे भरतीचा सरकारी परवाना आहे का? आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे हाच गुन्हा आहे, हे अब्बांना माहीत आहे का?

माहीत नव्हते. जमिनीचे कागद पेटीत परत गेले. मुलगा सध्या गणित आणि फिजिक्स पक्के करतोय. आपल्या गावात, मोहल्ल्यात कोणी 'बोटीवर' निघाले असेल, तर पैसे मोजण्याआधी हे तीन प्रश्न त्याच्या घरी जरूर विचारा.