रक्तपरीक्षा, अवटू ग्रंथी व जीवनसत्त्वे यांच्या

व्यवहारात थायरॉइड या नावाने परिचित असलेल्या अवटू ग्रंथीचे कार्य आणि शरीरातील जीवनसत्त्वांची स्थिती यांचा अंदाज रक्तावरून बांधणाऱ्या या परीक्षा मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाल्या. अहवालातील आकडा स्वयंपूर्ण भासला, तरी त्याचा अर्थ मापनाच्या पद्धतीवर आणि तुलनेसाठी घेतलेल्या मर्यादेवर अवलंबून असतो, हे त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रारंभीच्या पद्धती : इ. स. १८९१ मध्ये इंग्लंडमधील वैद्य जॉर्ज मरी यांनी अवटू ग्रंथीचा स्राव अपुरा पडलेल्या एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. मात्र मात्रा ठरविण्यास चेहऱ्यावरील सूज, नाडी व त्वचा यांखेरीज दुसरे साधन नव्हते. १८९५ मध्ये आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी ग्रंथीच्या अतिकार्यात ऑक्सिजनाचा वापर वाढतो, असे दाखविले. त्यावर आधारलेले मूलभूत चयापचयाचे मापन पुढे अनेक दशके प्रचारात होते. परंतु ताप किंवा रुग्णाची अस्वस्थता यांनीही ते वाढत असे. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे हॉर्मोन स्फटिकरूपात वेगळे केले. या हॉर्मोनात आयोडीन असल्यामुळे कालांतराने रक्तातील प्रथिनबद्ध आयोडीन मोजण्यात येऊ लागले. तथापि क्ष-किरण तपासणीसाठी आयोडीनयुक्त द्रव्य दिलेले असल्यास रोग नसतानाही हा आकडा चढत असे.

सूक्ष्म मापन : अमेरिकेत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९ मध्ये इन्शुलिनाच्या मापनासाठी नवी पद्धत योजिली. तीत किरणोत्सर्गी खूण केलेले व रक्तातील मूळचे रेणू मर्यादित प्रतिपिंडांसाठी परस्परांशी स्पर्धा करतात. मूळचे रेणू जितके अधिक, तितके खुणेचे रेणू कमी बांधले जातात. लंडनमध्ये रॉजर एकिन्स यांनी स्वतंत्रपणे, थायरॉक्सिन वाहून नेणाऱ्या रक्तातील प्रथिनाचा उपयोग करून, १९६० मध्ये थायरॉक्सिन आणि पुढील वर्षी तशाच तत्त्वावर ब१२ जीवनसत्त्व मोजले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.

१९६५ च्या सुमारास पोष ग्रंथीतून स्रवणारे अवटू-उद्दीपक हॉर्मोन (टीएसएच) अशाच रीतीने मोजता येऊ लागले. थायरॉक्सिन उणे पडले की पोष ग्रंथी हे हॉर्मोन अधिक स्रवते. म्हणून अवटू ग्रंथीच्या विकारात त्याचा वाढलेला आकडा ग्रंथीची न्यूनता सुचवितो. प्रारंभीच्या पद्धतींना घटलेले व प्राकृत प्रमाण यांतील भेद कळत नसे. १९८० नंतरच्या दशकात दोन प्रतिपिंडे वापरणाऱ्या पद्धतींनी ही उणीव दूर केली.

या मापनाचे मोल नवजात बालकांच्या बाबतीत विशेष आहे. जन्मतः हॉर्मोन कमी असलेले मूल बहुधा निरोगी दिसते. उपचार लांबल्यास मात्र त्याची बुद्धी कायमची खुंटते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७४ मध्ये कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबावरून अशा बालकांचा शोध सुरू झाला. भारतात १९८० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेशातील गोंडा, देवरिया इ. आयोडीनन्यून जिल्ह्यांत नाळेतील रक्ताच्या परीक्षेने नवजातांमधील न्यूनतेचे मोठे प्रमाण उघडकीस आणले. केवळ गलगंड मोजून ही हानी दिसली नसती.

मर्यादांचा प्रश्न : प्राकृत मर्यादा सामान्यतः निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या आकड्यांवरून ठरवितात, म्हणजे शंभरातील पाच निरोगी व्यक्ती मर्यादेबाहेरच पडतात. टीएसएच किंचित वाढलेल्या, पण थायरॉक्सिन प्राकृत असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींच्या यूरोपातील चाचणीत थायरॉक्सिनाच्या गोळ्यांनी लक्षणांत सुधारणा झाली नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ड जीवनसत्त्वाबाबतही एकमत टिकले नाही. दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम बहुतेकांस पुरेसे होतात, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये ठरविले. अंतःस्रावतज्ञांच्या तेथील संघटनेने २०११ मध्ये ३० ची मर्यादा सुचविली आणि २०२४ मध्ये तिचा पुरस्कार सोडून निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असे सांगितले.

पद्धतीतील दोषही नव्या रूपात आढळतात. बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व केसांसाठी मोठ्या मात्रेत घेतल्यास काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी व थायरॉक्सिन खोटे अधिक दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनाच्या अशा व्यत्ययाविषयी इशारा दिला. गरोदरपणात वाहक प्रथिन वाढल्याने एकूण थायरॉक्सिन वाढते. ते रोगाचे लक्षण नव्हे. याउलट पोष ग्रंथीच विकारग्रस्त असल्यास टीएसएच प्राकृत असूनही थायरॉक्सिन उणे असते. यास्तव टीएसएचबरोबर मुक्त थायरॉक्सिन पाहणे, किंचित ढळलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे आणि वय, गरोदरपण, चालू औषधे व लक्षणे विचारात घेऊनच उपचार ठरविणे इष्ट होय. मरी यांना रुग्णाखेरीज दुसरे काही पाहता येत नव्हते. आज आकडा हाती असला, तरी रुग्णाकडे पाहणे टळलेले नाही.