बावीस नंबरचं दार

टेलनेटने लॉगिन करताना शेजारी टीसीपीडंप लावून ठेवा. नेटवर्कवरून जाणारा आपलाच पासवर्ड एकेक अक्षर करत दिसतो. घरच्या दोन लिनक्स मशीनवर मी हे करून पाहिलं आणि अंगावर काटाच आला.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले. तिथला संशोधक तातू इलोनेन याने मग सगळं बोलणंच कुलूपबंद करणारं एसएसएच लिहिलं आणि जुलैमध्ये सोर्सकोडसकट फुकट वाटलं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. दोघांनाही हटवायला निघालेल्या या गड्याने मधलं २२ मागितलं, आणि ते मिळालंही! हा आगाऊपणा मला फार आवडतो.

वर्षअखेर त्याने कंपनी काढली. पुढच्या आवृत्त्यांच्या लायसन्सच्या अटी आवळत गेल्या आणि मोकळं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. पण १.२.१२ ही जुनी आवृत्ती सैल अटींवर आधीच बाहेर पडली होती. ब्यॉर्न ग्रोनवालने तिच्यातल्या चुका दुरुस्त केल्या, आणि त्यावरून ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच उभं केलं.

आज मी सर्व्हरवर शिरतो तो त्यातूनच. पासवर्ड टाकत नाही. एसएसएच-कीजेनने किल्ली बनवली आहे. तिचा खासगी भाग लॅपटॉपबाहेर जातच नाही.